खोकल्याची बाटली

बंगळूरच्या हवेची कीर्ती ऐकून बदलीचा हुकूम हसतमुखाने स्वीकारणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनांस येथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यातच एक गोष्ट कळून चुकते. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरची ही हवा प्रौढांस जितकी मानवते तितकी ती पोरांच्या छातीस मानवेलच असे नाही. २०२५ च्या डिसेंबरातील एका रात्री आमच्या तीन वर्षांच्या कन्येस खोकल्याची उबळ आली. दोन खोल्यांच्या सरकारी निवासस्थानात आम्ही सारे जागे झालो, आणि भिंती सरकारीच असल्यामुळे शेजारीही जागे झाले.

मध्यरात्र उलटून गेली होती, तरी आम्ही वाईस आईला दूरध्वनी केला. तिने काही विचारले नाही. "तिला खोकू दे, मला ऐकू दे," एवढेच म्हणाली. यंत्र कन्येच्या तोंडापाशी धरले. दोनशे कोसांवरून आईने तो खोकला ऐकला आणि म्हणाली, "कोरडा आहे, ढास लागलीय. पण ते राहू दे. अंगातलं काढ आणि पोट उडतंय का बघ."

आम्ही मात्र तोवर कपाटातील मागल्या वर्षीची बाटली काढून तिचे बूच उघडून बसलो होतो.

त्या रात्रीनंतर आमच्या मनाने एक चाळा घेतला. खोकला ऐकून पोट पाहण्याची आईची विद्या आली कोठून, आणि खोकला ऐकताच बाटली उघडण्याची आमची सवय आली कोठून? कचेरीतील जुन्या नस्ती चाळण्याची ज्यास सवय, तो घरचा प्रश्नही नस्तीसारखाच मागे मागे उलगडत नेतो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहो. परगावी नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मूल आहे, कपाटात बाटली आहे, आणि आजी मात्र चारशे मैलांवर आहे.

खोकल्याकडे आपल्या लोकांनी प्रथम कानाने पाहिले. मराठीतील शब्दच पाहा ना! कोरडा खोकला निराळा, ओला निराळा. घशात काही अडकल्याने लागतो तो ठसका, थांबता थांबत नाही ती ढास, एकदम उसळून येते ती उबळ. छातीत वाजते ती घरघर, आणि जीव दमवते ती धाप. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात कासावर स्वतंत्र अध्याय असून वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज असे पाच प्रकार सांगितले आहेत. फुटक्या काशाच्या भांड्याचा जसा आवाज तसा खोकल्याचा आवाज, ही उपमाही जुन्या वैद्यकग्रंथांतलीच. बोलता न येणाऱ्या बालकाचे दुखणे त्याच्या हालचालींवरून कसे ओळखावे, यासाठी तर काश्यपसंहितेत एक आख्खा अध्याय आहे. बालरोगांवरील हा प्राचीन ग्रंथ नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात छापला गेला. आमच्या आईने तो कधी पाहिलेला नाही, परंतु त्यातील विद्या तिला ठाऊक आहे. तिच्या आजीनेही तो पाहिला नव्हता.

त्या रात्रीच्या खोकल्यावर सकाळी शेजारच्या दारांतूनही निदाने आली. समोरच्या कन्नड अज्जींनी "नायिकेम्मु तर नव्हे?" अशी शंका काढली. नायि म्हणजे कुत्रा आणि केम्मु म्हणजे खोकला. आपण ज्यास डांग्या खोकला म्हणतो तोच हा. वरच्या मजल्यावरील हिंदी भाषक कुटुंबात त्यास काली खाँसी म्हणतात. इंग्रजांनी उबळीच्या अखेरीस मूल जो लांब, किंचाळल्यासारखा श्वास ओढते त्यावरून नाव ठेवले. एका रोगाने एकास कुत्रा आठवला, दुसऱ्यास काळा रंग, तिसऱ्यास केवळ आवाज! भय मात्र सर्वांचे एकच होते. अज्जींनी उपायही सांगितला. गल्लीतून गाढवीण घेऊन 'कत्ते हालु' अशी आरोळी देत जाणारा माणूस आला की दारात पिळून चमचाभर दूध मुलास पाजायचे. हा उपाय केवळ कानडी मुलखातलाच नव्हे. महाराष्ट्रातही गाढविणीचे दूध पोरांच्या खोकल्यावर आणि दम्यावर विकले जाते, आणि २०२१ साली हिंगोलीत त्याचा भाव लिटरला दहा हजार रुपये सांगितला जात असल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. दुधाच्या गुणाविषयी आम्हास श्रद्धा नाही. परंतु रात्री दोन वाजता मुलाचा चेहरा निळा पडताना ज्याने पाहिला आहे, त्याने सकाळी गाढवीण थांबविली तर त्यास हसण्याचा अधिकार आम्हास नाही.

डांग्या खोकल्याचे गूढ उकलावयास तीनशे वर्षांहून अधिक काळ लागला. १५७८ साली पॅरिसमधील साथीचे वर्णन गियोम द बायू या वैद्याने करून ठेवले. रोगाचा जंतू बोर्दे आणि जाँगू या बेल्जियन शास्त्रज्ञांनी १९०६ साली वेगळा काढला. लस खऱ्या अर्थाने उपयोगी झाली ती अमेरिकेत, ग्रँड रॅपिड्स गावी, पर्ल केन्ड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन स्त्रियांच्या हातून. १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत या दोघी प्रयोगशाळेतील नोकरीचे तास संपल्यावर संध्याकाळी गरीब वस्त्यांतून हिंडत. खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर त्या काचेची तबकडी धरीत, आणि कंदिलाच्या उजेडात आईबापांच्या हकीकती ऐकून घेत. आम्हास या साऱ्या इतिहासात हे चित्र सर्वांत प्रिय आहे, कारण येथे शास्त्र खोकणाऱ्याच्या घरी चालत गेले आणि तेथे त्याने आधी ऐकून घेतले. आपल्याकडे त्रिगुणी लस १९७८ साली सुरू झालेल्या लसीकरण कार्यक्रमात आली आणि १९८५ पासून तो कार्यक्रम देशभर पसरत गेला. परिणाम असा की आमच्या वयाच्या बहुतेक आईबापांनी तो भयंकर श्वास कानांनी ऐकलेलाच नाही. लस टोचल्यावर येणारा ताप तेवढा आम्हास ठाऊक, आणि त्याबद्दल कुरकुर करण्यास आम्ही मोकळे!

घरचे उपाय सांगत बसलो तर हा अंक पुरणार नाही. बाळघुटीतील वेखंड, ज्येष्ठमध, हिरडा, मुरडशेंग, सुंठ, जायफळ सहाणेवर उगाळायचे, आणि माप ग्रॅमात नव्हे तर वेढ्यांत. "वेखंडाचे दोनच वेढे हं," असे आजी बजावते, तेव्हा मात्रेचे भान तिला कोणत्याही औषधकोशाइतकेच असते. नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी यांचे बालचतुर्भद्र चूर्ण मधातून चाटवीत. (एक वर्षाच्या आतील बाळास मध देऊ नये असे आता डॉक्टर सांगतात. मधातून क्वचित एका विषारी जंतूची बीजे बाळाच्या पोटात जातात. हे आजीस ठाऊक नव्हते.)

अडुळशाची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. बंगळुरास आल्यावर भाषेची अडचण होईल असे वाटत होते, पण बाजारात पाल्याची जुडी पाहून बाईला नाव विचारले तर ती म्हणाली, "आडुसोगे". मनात म्हटले, हा तर आमचाच अडुळसा! संस्कृतात वासा, तमिळमध्ये आडातोडै. ज्यास शेळीही तोंड लावीत नाही ते झाड, असा त्या तमिळ नावाचा अर्थ सांगतात, आणि तेच नाव पुढे लॅटिन वेष घालून वनस्पतिशास्त्रात जाऊन बसले. १८८८ साली उटकमंड येथील सरकारी क्विनाइनतज्ज्ञ डेव्हिड हूपर यांनी त्यातून व्हॅसिसीन हे द्रव्य काढले. त्या द्रव्याच्या रचनेवरून जर्मनीत १९६० च्या सुमारास ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार करण्यात आले, आणि ब्रोमहेक्सीनपासून अँब्रॉक्सॉल. आज औषधाच्या दुकानातील खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर ही नावे छापलेली असतात. म्हणजे आजीच्या परसातील पाला परदेशी जाऊन, नाव बदलून, साखरेच्या पाकात मिसळून आमच्या कपाटात परत आला, आणि आम्ही आजीस सांगतो की तुझी पाने राहू दे, आमच्याकडे औषध आहे.

परंतु परंपरा म्हणजे सर्व सोनेच, अशा भ्रमात आम्ही नाही. लहान मुलाचा श्वास जलद होऊन पोट आणि बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या की आपल्या खेड्यांत त्यास 'डबा' झाला म्हणत. हे निरीक्षण अगदी बिनचूक होते. आजचे डॉक्टर न्यूमोनियाची जी खूण म्हणून सांगतात तीच ही. पण उपाय काय, तर तापलेल्या सळईने वा विळ्याने पोटावर डाग देणे! मेळघाटातून अशा बातम्या अलीकडेही आल्या आहेत. डोळ्याने बरोबर पाहिले आणि हाताने भलतेच केले, याहून करुण गोष्ट दुसरी कोणती?

शहरात डागण्या गेल्या, पण तेथे मुलास गप्प करण्याचे निराळेच साधन होते. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणारी आई तान्ह्यास अफूची 'बाळागोळी' चारून जाई. मूल झोपे, रडणे थांबे, आणि खोकलाही थांबे, कारण अफू खोकल्याची ऊर्मीच मारते. १९२२ साली मुंबई सरकारसाठी गिरणीतील स्त्री कामगारांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी या स्त्रियांच्या शंभरातील ९८ अर्भकांना अफू दिली जाते असे नोंदवून ठेवले आहे. ज्या बाईस मूल पाळण्यात टाकून दहा तास साच्यावर उभे राहावयाचे आहे, तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. शिवाय सुधारलेल्या जगाने तरी काय केले? १८९८ साली जर्मनीच्या बायर कंपनीने खोकल्यावरील नवे औषध म्हणून जे बाजारात आणले त्याचे नाव हेरॉइन. खोकला थांबला की दुखणे थांबले, हा समज गिरणगावातील आईचा होता तसाच बर्लिनमधील डॉक्टरांचाही होता.

आता ज्या गावी आम्ही बसून लिहीत आहो त्या गावाकडे येऊ. बळ्ळारी रस्त्यावर 'अ‍ॅव्हलॉन' नावाच्या जुन्या वास्तूत राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे. १९६० च्या सप्टेंबरात पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. त्या वेळी जाणत्या वर्तुळांत असा समज दृढ होता की खेडूत माणूस अडाणी, खोकला म्हणजे काय ते त्यास कळत नाही, म्हणून क्षय वाढतो. तेव्हा गाड्या घेऊन गावोगाव जावे आणि रोगी हुडकून काढावेत. देबब्रत बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन या संस्थेतील दोघा संशोधकांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात, पाहणीत सापडलेल्या क्षयरोग्यांच्या घरी जाऊन त्यांना विचारले. १९६३ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष वाचून आम्ही खुर्चीत सरसावून बसलो. जवळजवळ सर्व रोग्यांस आपली लक्षणे ठाऊक होती. शंभरात सुमारे सत्तर जणांस त्यांची काळजी लागून राहिली होती, आणि निम्म्याहून थोडे अधिक लोक उपचारासाठी कोठे ना कोठे जाऊनही आले होते. मग रोग कळला का नाही? कारण दवाखान्याने त्यांच्या हाती खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांस परत पाठविले होते!

अडाणी कोण होते, हे त्या अहवालाने सभ्य शब्दांत सांगितले. लक्षणे घेऊन आपण होऊन येणाऱ्या माणसाची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, एवढी साधी गोष्ट पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया झाली. ही पाहणी मुख्यतः प्रौढांची होती हे खरे. पण दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, उतरणारे वजन आणि घरात क्षयाचा रोगी असेल तर मुलाचीही तपासणी करून घ्यावी, हा आजचा नियम त्याच विचाराचे अपत्य आहे. आम्हास या कथेतील बाटलीचे काम विशेष वाटते. तिने खोकला थांबविला की नाही कोण जाणे, पण खोकल्याची हकीकत सांगणाऱ्याचे तोंड मात्र तिने बंद केले.

आणि यात आम्ही नोकरदार सर्वथा निर्दोष आहो असे नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना दिल्लीत १९५४ साली आणि बंगळुरास १९७६ साली सुरू झाली. तेव्हापासून दवाखान्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आमच्या पिढ्यांची एकच तक्रार असे, "काही दिलंच नाही हो डॉक्टरांनी!" अर्धी रजा खर्चून कोमट पाण्याचा सल्ला घेऊन येणे म्हणजे आम्हास नुकसान वाटते. डॉक्टर बाटली लिहून देतो त्यात त्याचा आळस किती आणि आमचा आग्रह किती, याची विभागणी कोणत्याही लेखापरीक्षकास साधणार नाही.

बंगळुरात या आग्रहास आणखी एक कारण घडले. येथील बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी आपल्या रुग्णालयात आलेल्या अठरा वर्षांखालील वीस हजार मुलांच्या नोंदी तपासल्या. १९७९ साली त्यांत दम्याचे प्रमाण ९ टक्के होते, ते १९९९ साली २९.५ टक्क्यांवर गेले. वाहने, धूर, वाढती वस्ती ही कारणे उघडच आहेत. त्यातच १९५५-५६ च्या सुमारास पुण्यास प्रथम दिसलेले गाजरगवत बंगळुरातही माजले. आपल्या पुण्याने या शहरास काय काय दिले याचा हिशेब मांडताना हेही कलम विसरू नये! तर अशा गावात मुलाचा रात्रीचा कोरडा खोकला पुष्कळदा दम्याचा असतो, आणि तो खोकल्याच्या बाटलीने जात नाही. परंतु 'दमा' हा शब्द ऐकावयास आईबाप तयार नसतात, विशेषतः मूल मुलगी असेल तर. "अ‍ॅलर्जी म्हणा, दमा म्हणू नका," असे डॉक्टरांस विनवणारे आमच्याच वसाहतीत आहेत. फवाऱ्याने श्वासावाटे दिलेल्या औषधाची मात्रा अगदी अल्प असते, तरी "सवय लागेल" म्हणून तो नको, आणि वाटेल तितक्या चमच्यांची बाटली मात्र चालते.

बाटलीचे खरे भय पुढेच आहे. औषध द्रवरूप व गोड करावयाचे तर ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखे दाट द्रव लागतात. त्यांच्यासारखाच दिसणारा, गोडसर, स्वस्त, पण मूत्रपिंडे निकामी करणारा एक द्रव आहे, डायएथिलीन ग्लायकॉल. १९३७ साली अमेरिकेत घशाच्या विकारावरील एका द्रव औषधात तो वापरला गेला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यात मुले पुष्कळ होती. पुढल्याच वर्षी तेथे कडक कायदा झाला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० साली आला, पण त्याखालील १९४५ च्या नियमांच्या 'के' परिशिष्टात, हजारापर्यंत वस्तीच्या गावी परवान्यावाचून विकता येणाऱ्या घरगुती औषधांत, खोकल्याच्या सिरपास जागा देण्यात आली होती. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हेच विष मिसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रोगी गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूच्या रामनगरात, २०२२ साली दूर गांबियात सुमारे सत्तर मुले गेली. दोन्हीकडे बाटली भारतातलीच होती. निर्यातीच्या बाटल्यांची सरकारी तपासणी १ जून २०२३ पासून सक्तीची झाली. परदेशी जाणाऱ्या बाटलीची आधी तपासणी आणि घरच्या मुलाच्या बाटलीची नंतर, या क्रमावर आम्ही सरकारी नोकर या नात्याने अधिक लिहीत नाही.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. नागपूरच्या उत्तरेस, मराठी बोली जेथे हिंदीत मिसळते त्या छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात साध्या सर्दी-खोकल्याची मुले बाटली घेऊन घरी गेली आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. आईबापांनी त्यांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले. वीसहून अधिक मुले वाचली नाहीत. तपासणीत त्या औषधात जवळजवळ निम्मा भाग तोच विषारी द्रव निघाला. ज्यांची मुले गेली ते आईबाप निष्काळजी नव्हते. त्यांनी खोकला ऐकला, मुलास डॉक्टरकडे नेले, पैसे मोजले, सांगितले तितके चमचे वेळेवर दिले. ३ ऑक्टोबरला केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाचे पत्रक निघाले, की दोन वर्षांखालील मुलांस खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांसही ती सामान्यतः देण्यासारखी नाहीत. ते पत्रक आमच्या टेबलावरूनही गेले होते. आमची कन्या तीन वर्षांची. आणि डिसेंबरात, दोन महिन्यांनी, बाटलीचे बूच आमच्याच हातात होते!

आईच्या प्रश्नाचा धागा आम्हास अखेर गडचिरोलीत सापडला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे १९८६ साली 'सर्च' ही संस्था काढली. खेड्यातील बायांस पोट उडणे दिसते, डबा ओळखता येतो, हे त्यांनी जाणले आणि त्या ओळखीस अडाणीपणा म्हणून झिडकारले नाही. तिला फक्त मोजमापाची जोड दिली. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटास साठ, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस वा अधिक श्वास झाले तर तो न्यूमोनिया समजावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम. पण निरक्षर सुईणीने चाळिसापर्यंत मोजावे कसे? तिच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी लावलेली एक पट्टी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनिया ठरला तर प्रतिजैविक तिनेच द्यायचे. ५८ गावांत हे काम झाले आणि ४४ गावे तुलनेसाठी होती. वर्षभराने, पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, तर या गावांत ८.१. १९९० साली लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. विळा तापविणाऱ्या हातांत मणी आले, एवढाच काय तो फरक. डोळे पूर्वीचेच होते.

हे सारे आम्ही वाचले ते नंतर. त्या रात्री आईने सांगितले म्हणून बाटली बाजूस ठेवली, कन्येचे अंगडे वर केले आणि दिवा लावून पाहत बसलो. पोट शांतपणे वर-खाली होत होते, बरगड्या ओढल्या जात नव्हत्या. भिंतीवरील घड्याळाकडे पाहून श्वास मोजले, ते छत्तीस भरले. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले, चौतीस. कोमट पाणी पाजले, चमचाभर मध चाटविला, उशाशी आणखी एक उशी दिली. आई तोवर दूरध्वनीवरच होती.

"उडतंय का?"

"नाही."

"मग निजव तिला. आणि तू पण नीज, उद्या कचेरी आहे ना?"

पहाटेपर्यंत कन्या अधूनमधून खोकत राहिली. आम्ही झोपलो नाही, मोजत राहिलो.